सत्त्याण्णव नंबरची पुडी

माझ्या सॅकची शिवण उसवली ती हेळवाक सोडल्यावरच्या दुसऱ्या वळणावर.

कोयनानगर–कराड एसटी. सकाळचे साडेआठ. काचांवर धुकं बसलेलं, गाडी गच्च भरलेली. बसायला जागा नव्हती म्हणून सॅक वरच्या फळीवर ठेवून मी खाली दांडीला धरून उभी होते. ड्रायव्हरकाकांनी वळण घेतलं, सॅक घसरली, मी एका हातानं ती धरायला गेले... आणि माझं अडीच महिन्यांचं काम गाडीभर सांडलं. छोट्या छोट्या प्लॅस्टिकच्या दोनशे तेरा पुड्या. प्रत्येकीत नखाएवढा एक दगड. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या ओटीत, सीटांखाली, पायांत.

मी किंचाळले. टण्णकन एक बेल झाली आणि गाडी बाजूला थांबली.

"कुणी पाय हलवायचा न्हाई!" मागून आवाज आला. "हाय तिथंच बसा. खाली वाकून ज्यानं त्यानं आपल्या पायापाशी बघा. मामा, धोतराचा सोगा झटका जरा. मावशी, तुमच्या केसात हाय एक... थांबा, मी काढतो."

कंडक्टर होता. अठ्ठावीस-तिशीचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, तिकिटाचं मशीन पाठीवर सरकवलेलं. मधल्या वाटेत सरळ गुडघ्यांवर बसून तो पुड्या वेचायला लागला होता. त्याला बघून आणखी दहा-बारा जण वाकले.

"काय हाय ह्यात?" एका आजोबांनी पुडी डोळ्यांपाशी नेली. "दगूड?"

"हत्यारं आहेत ती, आजोबा," मी रडवेल्या आवाजात म्हणाले. "जपून!"

"हत्यारं?" मागच्या सीटवर कुजबुज झाली. एका बाईंनी हातातली पुडी चटका बसल्यासारखी माझ्याकडे टाकली.

"अहो, दहा हजार वर्षांपूर्वीची!"

"मग आता चालत नसतील," कंडक्टर मान वर न करता म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. मीसुद्धा... रडता रडता.

त्यानं मला स्वतःच्या सीटवर बसवलं. पाटण येईपर्यंत मी मोजत होते. दोनशे बारा. पुन्हा मोजल्या. दोनशे बारा. मग नंबर लावून बघितले.

"कितवी न्हाई?" तो शेजारी दांडीला टेकून उभा होता.

"सत्त्याण्णव."

"बाकीच्या हायत न्हवं?"

"बाकीच्या सगळ्या गेल्या असत्या तरी चाललं असतं," मी म्हणाले. "तीच जायला नको होती."

कराडला गाडी रिकामी झाल्यावर त्यानं मोबाइलच्या उजेडात सगळ्या सीटांखाली पाहिलं. गुडघे धुळीनं माखले, पण पुडी मिळाली नाही. मग पँट झटकत तो खाली उतरला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला,

"हरवलेल्या वस्तूच्या रजिस्टरात नोंद करावी लागंल. वर्णन सांगा."

"काळपट लाल दगडाचं पातं. अडीच सेंटिमीटर लांब. अंगावर लोण्याच्या रंगाची एक रेघ."

"मालकाचं नाव?"

"माया कोलप. म्हणजे... मालक मी नाही. ज्यांनी ते घडवलं, त्यांचं आहे ते."

"त्यांचा मोबाइल नंबर नसंल," तो म्हणाला. "तुमचाच द्या."

मी दिला. सांगलीच्या गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की रजिस्टर नव्हतंच. नंबर त्यानं तळहातावर लिहून घेतला होता.

*

त्या पात्याबद्दल सांगायला हवं. मी पुण्याला पीएच.डी. करते. हेळवाकच्या वरच्या डोंगरात एक कपार आहे. शेती यायच्या कितीतरी आधी तिथं माणसं राहून गेली. शिकार करणारी, कंदमुळं-मध गोळा करणारी, मोसमागणिक जागा बदलणारी. त्यांनी मागं ठेवलं काय, तर चुलीची राख, हाडांचे तुकडे आणि ही बारकी पाती. लाकडाच्या खाचेत डिंकानं चिकटवली की त्यांचा बाण व्हायचा, विळा व्हायचा. आमच्याकडची जवळजवळ सगळी पाती तिथल्याच ओढ्यातल्या गारगोटीची. फक्त एक वेगळं. आमच्या काळ्या कातळाच्या मुलखात तसला लाल दगड सापडतच नाही. तो लांबून आलेला. कुठून, ते कळत नव्हतं. पण कुणीतरी तो हातात धरून आलं होतं, नाहीतर कुणीतरी कुणाला तरी दिला होता. माझा सगळा प्रबंध त्या 'कुणीतरी'चा होता.

आणि मी तो एसटीत सांडला होता.

माझ्या गाइड शिवांजली मॅडम कडक. त्यांना फोन लावायला मी तीनदा मोबाइल उचलला आणि तीनदा ठेवला. कुपवाडला आमच्या घरी आईनं विचारलं, "जेवत का नाहीस?" पप्पांनी विचारलं, "पुण्याला काही झालं का?" मी दोघांनाही "काही नाही" म्हणाले. पप्पा एमआयडीसीत लेथवर काम करतात. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी त्यांच्या लक्षात येतो. माझा चेहरा तर चांगलाच चुकला होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबर.

"मॅडम, मी कपिल. कपिल देवकांत, पाटण डेपो. आडनाव ऐकून डेपोत मला काय म्हणतात ते विचारू नका." मागं गाड्यांचे आवाज येत होते. "त्या दिवशी गाडीत बावन्न माणसं होती. त्यातली सत्तेचाळीस माझ्या वळखीची. रोजचीच. एकेकाला इचारत गेलो. अंबूबाई म्हणून एक आजी हायत हेळवाकच्या. बाजाराला चालल्या होत्या. तुमची पुडी त्यांच्या पिशवीत पडली."

"आहे त्यांच्याकडे?" मी उभीच राहिले.

"हुती. त्यांनी धुळाला दिली. मेंढरंवाला. आटपाडीकडचा. दर वर्षी कोकणात उतरताना त्यांच्या वावरात मुक्काम करतो."

"मग तो...?"

"परवा पहाटं कुंभार्ली घाट उतरणार. एकदा खाली गेला की त्याला फोन लागत न्हाई, आन् जूनपर्यंत परत येत न्हाई." तो थांबला. "उद्या माझी सुट्टी हाय. मोटरसायकल हाय. तुमी पाटणपर्यंत आला तर..."

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघाले.

*

पाटणच्या स्टँडवर तो बिनखाकीचा उभा होता. निळा शर्ट, अंगात स्वेटर, हातात दोन हेल्मेट. एक नवंकोरं, त्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता.

"हे कुणाचं?"

"मित्राचं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. थंडीनंही झाले असतील.

कोयनेच्या काठाकाठानं रस्ता चढत होता. नदीवर धुक्याची पट्टी, भाताची कापलेली खाचरं, आणि समोर त्याची पाठ. वाऱ्यामुळे मी दर वाक्य त्याच्या कानापाशी ओरडून सांगत होते.

"ती माणसं वीस-पंचवीसच्या टोळ्यांनी राहायची! पण एकटी नाही! लांब लांब ओळखी ठेवायची!"

"कशाला?"

"एखाद्या वर्षी इकडं पाऊस झाला नाही, शिकार मिळाली नाही, तर तिकडं जायला! ओळख नसेल तर कोण पाय ठेवू देणार?"

"मग आमच्यासारखंच की!" तो ओरडला. "वळखी न्हाई त्याला सीट न्हाई!"

कोयनानगरच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. मी ग्लास तोंडाला लावला आणि... बाकडं हललं. पत्र्यावर कुणी धावावं तसा आवाज, बरण्यांची झाकणं किणकिणली, आणि पायाखालून काहीतरी सरकत गेलं. मी काय धरलं ते मला कळलंच नाही.

"तीनच्या आतबाहेर असंल," चहावाला गाळणं न सोडता म्हणाला.

बरण्या शांत झाल्या. समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन तशीच चालत गेली.

"थांबला," कपिल हळूच म्हणाला.

"काय?"

"भूकंप. मगाशीच."

मी खाली बघितलं. त्याचं मनगट माझ्या हातात होतं. मी झटकन सोडलं. थोडा चहा सांडला.

"न्हाई, धरून ठेवलं तरी माझी तक्रार न्हाई," तो सांडलेल्या चहाकडे बघत म्हणाला. "आपलं सांगून ठेवलं."

मी दुसरा चहा मागवला. गरज नसताना.

*

अंबूबाईंनी आम्हाला आधी बसवलं, मग पाणी दिलं, मग नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली, आणि त्यानंतरच आमचं ऐकून घेतलं.

"शेंगांच्या पिशवीत निघालं बघ. म्हटलं, कुणाचं औषिद हाय का काय. धुळा आला मेंढरं घेऊन, त्याला दावलं. त्यानं लय टायम हातात धरलं आन् म्हणाला, 'आजी, ह्यो दगूड माझ्या आत्त्याच्या गावचा.' मग म्या म्हटलं, ने मग."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "आत्त्याचं गाव कुठलं?"

"त्ये त्यालाच इचार. तिकडं हाय, ठाकरांच्या माळाला." मग त्यांनी कपिलकडे पाहिलं. "कवा झालं लगीन? मला सांगितलं न्हाईस व्हय रं?"

"आवं आजी, न्हाई... ह्या मॅडम हायत. शास्त्रज्ञ."

"मग शास्त्रज्ञांची लग्नं हुईत न्हाईत व्हय?" आजी म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

घाटमाथ्यावरच्या माळावर चारशे मेंढरं, तीन घोडी आणि एक जाळीचं कुंपण. धुळा पन्नाशीचा, लाल पटका, अंगावर घोंगडं. आम्ही काही बोलायच्या आधीच त्यानं कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांमध्ये माझी पुडी होती. नंबर सत्त्याण्णव. चिकटपट्टीसुद्धा शाबूत.

मला रडू आलं. मी तिथंच दगडावर बसले. कपिल बाजूला उभा राहिला. ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं, ते त्याच्या सावलीनं अडलं.

"तुमी रडाय लागला म्हंजे सोन्याचं हाय का काय?" धुळानं विचारलं.

"त्याहून जास्त, मामा. हा दगड कुठला, तुम्हाला खरंच माहीत आहे?"

"माहीत नसाय काय झालं? तिकडं कर्नाटकात, घटप्रभेच्या अंगाला असा लाल दगूड रानभर पडलेला. मधनं लोण्यावानी रेघ. ल्हानपणी आमी त्यानं ठिणग्या पाडायचो. माझी आत्त्या तिकडं दिल्याली."

"इतक्या लांब कशी दिली?" कपिलनं विचारलं.

"माझ्या आज्यानं दिली. एका दुष्काळात मेंढरं घिऊन तो तिकडं गेला. तिथल्या माणसानं पाणी दावलं, वावरात बसवलं. पुढच्या वक्ताला आजा परत गेला, तवा पोरगी त्यांच्यात दिऊन आला. पोरगी दिली की वाट बंद हुईत न्हाई. आजून आमचं येणं-जाणं हाय. त्यांचं घोंगडं आमच्याकडं, आमची मेंढी त्यांच्याकडं."

मी भराभर लिहीत होते. "मामा, मला हेच कळत नाही. दहा हजार वर्षांपूर्वी हा दगड एकच माणूस चालत घेऊन आला असेल, की हातोहात आला असेल? ह्यानं त्याला दिला, त्यानं पुढच्याला..."

धुळानं क्षणभर विचार केला. "दोन्ही बी. अर्दी वाट आपली, अर्दी सोयऱ्याची."

मी लिहायची थांबले. दोन वर्षं मी ते 'की' काढून टाकायचा विचारच केला नव्हता. मी सारखी विचारत होते, चालत की हातोहात. आणि दगड कशानं आला असेल, तर त्या दोन्हींच्या मधे जे होतं त्यानं. लग्नं, भेटी, पाहुणचार. कुणीतरी कुणाची तरी आत्या.

"आन् पोरगीच हिंडणारी असली तर?" कपिल अचानक म्हणाला. मेंढराच्या पाठीवर हात फिरवत, कुणाकडेच न बघता.

धुळानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्यानं हसला. "मग नवऱ्यानं मागनं जावं की, गड्या! मेंढरं काय करत्यात?"

*

परत येताना मल्हारपेठेच्या पुढं एका गुऱ्हाळापाशी त्यानं गाडी थांबवली. उसाच्या पानावर गरम गूळ मिळाला. बोटं भाजत, फुंकर घालत आम्ही खाल्ला. तो सांगत होता. बी.ए. बाहेरून केलं, वडील गेल्यावर नोकरी धरली, घरी आई आणि एक म्हैस. आई मुली बघते आहे.

"मग? आवडली कुणी?"

"एक आवडली," तो म्हणाला. "पण आईनं दाखवलेली न्हाई."

मी गुळाकडे बघत राहिले. तो फार गोड होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. त्यानं नियम केला होता की रोज एकच प्रश्न विचारायचा. ती माणसं गाणी म्हणत असतील का? त्यांच्याकडे कुत्रं होतं का? म्हातारी माणसं चालू शकली नाहीत तर काय करायचे? मला माहीत असेल ते मी सांगायचे, नसेल तिथं "माहीत नाही" म्हणायचे. "माहीत नाही" म्हटलं की तो खूश व्हायचा.

एकदा त्यानं विचारलं, "फोन न्हाई, टाइमटेबल न्हाई. मग दोन टोळ्या परत भेटायच्या कशा?"

"ठरलेली जागा असेल. ठरलेला मोसम. नदीला मासे चढतात तेव्हा, कुठल्या झाडाला फळ धरतं तेव्हा."

"आन् एखादा आला न्हाई तर?"

"तर... वाट बघत असतील."

तो म्हणाला, "बरं. ठेवतो." आणि ठेवला नाही.

मधल्या काळात मी पुण्याला जाऊन शिवांजली मॅडमना सगळं सांगितलं. पातं मिळालं होतं. गप्प बसता आलं असतं. पण कमरेच्या चंचीत सुपारीबरोबर चार दिवस राहिलेली वस्तू "थेट कपारीतून आली" असं लिहायला माझा हात धजेना. मॅडम पंधरा मिनिटं बोलल्या. डबी का वापरली नाहीस, एसटीच्या फळीवर कुणी ठेवतं का, वगैरे. मी ऐकून घेतलं. मग त्या थांबल्या, माझी वही ओढून घेतली आणि धुळाचं पान दोनदा वाचलं.

"घटप्रभा?" त्या म्हणाल्या. "तिथले नमुने आणून ताडून बघायला हवेत. माया, एक वर्ष धारवाडला जाशील? तिथल्या प्रयोगशाळेत बोलते मी. शिष्यवृत्तीचं बघू."

मी नाचत बाहेर आले आणि पहिला फोन कपिलला केला.

"एक वर्ष?" तो म्हणाला.

"निदान एक."

"लय भारी." थोडं थांबून, "अभिनंदन, मॅडम."

खरं तर तो आताशा मॅडम म्हणत नव्हता. त्या दिवसानंतर त्याचा फोन आला नाही.

*

पहिले दोन दिवस मला वाटलं, ड्युटी असेल. चौथ्या दिवशी मी केला, उचलला नाही. सहाव्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की मला काही फरक पडत नाही. नवव्या दिवशी मी पाटणच्या गाडीत बसले होते.

डेपोच्या कँटीनमध्ये तो डबा उघडून बसला होता. समोर भाकरी, हातात काही नाही. मला बघून उभा राहिला, मग बसला, मग परत उभा राहिला. शेजारच्या टेबलावरच्या तीन ड्रायव्हरांनी एकदम बोलणं थांबवलं.

"तुम्ही? इथं?"

"मी दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा माग काढते," मी म्हणाले. "पाटणचा कंडक्टर सापडायला किती वेळ लागतो?"

ड्रायव्हरांपैकी एकजण खोकला.

"फोन का उचलला नाहीस?" रागाच्या भरात 'तू' तोंडातून निघून गेलं, मी ते लगेच सावरलं. "म्हणजे, उचलला नाहीत?"

तो डब्याचं झाकण फिरवत राहिला. "तुमी धारवाडला जाणार. मग डॉक्टर होणार. मग अजून लांब कुठंतरी. मी पाटण–कराड, कराड–पाटण." तो हळू बोलत होता, पण कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकू जात होतं. "म्हटलं, मी काय बोललो तर तुमी घोटाळ्यात पडाल. थांबलात तर मला वाईट वाटंल. माझ्यापायी थांबलात म्हणून. आन् न्हाई थांबलात तर..."

"तर?"

"तर बी वाटंल. म्हणून गप्प बसलो."

"म्हणजे माझा निर्णय तुम्हीच घेऊन टाकलात. माझ्या वतीनं."

तो दचकला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"मी थांबणार नाही," मी म्हणाले. "धारवाडला जाणार म्हणजे जाणार. पण नऊ दिवस मी संध्याकाळी सात वाजता मोबाइल हातात घेऊन बसते. आई विचारते, कुणाची वाट बघतेस. मी काय सांगू? मला... मला रोजचा तो एक प्रश्न हवा आहे. कपिल, मला तुम्ही हवे आहात. एवढं मोठं वाक्य मी तीन ड्रायव्हरांसमोर बोलले आहे. आता तुम्ही बोला."

"बोल की रं गड्या!" मगाशी खोकलेला ड्रायव्हर म्हणाला.

आणि तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला, "कराड गाडीचे वाहक कुठे आहेत? गाडी फलाटावर लागली आहे."

कपिलनं डबा बंद केला. मशीन गळ्यात अडकवलं. दोन पावलं गेला, वळला, आणि इतका हसला की मला त्याचे मागचे दातसुद्धा दिसले.

"रविवारी सांगलीला येतो. तुमच्या घरी. जे इचारायचं ते तिथं इचारतो."

*

रविवारी तो आला तो इस्त्रीच्या शर्टात, पाटणहून आणलेल्या खव्याच्या पेढ्यांसह. दारातच पप्पांना म्हणाला, "जय भीम, काका." आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

पप्पांनी त्याला लेथवरच्या जॉबसारखं चहूबाजूंनी बघितलं. "पोरगी वर्षभर धारवाडला असणार."

"व्हय. मिरज डेपोला बदलीचा अर्ज टाकलाय. तिथनं कर्नाटकाच्या गाड्या सुटतात. मिळंल, न मिळंल. न्हाई मिळाली तर सुट्टीच्या दिवशी जाऊन येईन."

"आईचं काय?"

"आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, म्हशीची सोय लागली तर ती बी येईल मिरजेला."

"आणि पुढं माया आणखी कुठं गेली तर?"

कपिलनं जरा विचार केला. "तर टाइमटेबल बघावं लागंल, काका."

पप्पा हसले. आतून आईचाही हसण्याचा आवाज आला, म्हणजे ती दारामागं होती.

"हिची आई कागवाडची, कानडी," पप्पा म्हणाले. "लग्न ठरल्यावर मी इथून सायकलवर जायचो. येताना अंधार व्हायचा आणि तिचा बाप मला मुक्कामाला ठेवायचा नाही." ते उठले. "जेवायला दीड होईल. तोवर नदीवर फिरून या. माया, माझी स्कूटर घे. चालव तूच."

कृष्णेचा घाट दुपारच्या उन्हात निवांत होता. पाणी संथ, पायऱ्या कोमट. पलीकडच्या काठावरच्या मळ्यातून ओल्या मातीचा वास येत होता. आम्ही शेजारी बसलो. मधे एका माणसाची जागा सोडून.

"हं," मी म्हणाले. "विचारा."

त्यानं घसा साफ केला. दोन्ही तळवे पँटवर पुसले.

"ऊटा आतेन्री?"

मी बघतच राहिले. "काय?"

"मिरजेचा एक ड्रायव्हर हाय, त्याच्याकडनं शिकतोय कानडी. चार दिवस झाले. चुकलं का?"

"नाही, बरोबर आहे. जेवण झालं का, असं विचारलंत." आईची भाषा त्याच्या तोंडून इतकी अवघडून आली होती की मला हसू आवरेना. "पण हे विचारायला पाटणहून आलात?"

"व्हय," तो म्हणाला. तो हसत नव्हता. "ते दुसरं एकदाच इचारायचं असतं. मला हे रोज इचारायचं हाय. तुमी धारवाडात असा, न्हाईतर आणखी कुठं. रोज. चालंल?"

मधे सोडलेली जागा कधी संपली, ते मला सांगता येणार नाही. त्याचा हात पायरीवर होता, माझा त्याच्यावर. या वेळी जमीन हलत नव्हती.

"चालेल," मी म्हणाले. "पण त्यातला 'री' कशाला?"

"'री' म्हंजे 'अहो'. ड्रायव्हर म्हणाला, वळखीपाळखीच्या माणसाला 'री' लावायचा. आपल्या माणसाला न्हाई." तो माझ्याकडे वळला. "अजून परवानगी कुठं मिळालीय?"

"मिळाली. काढून टाका."

"'काढून टाका' न्हाई."

"बरं," मी म्हणाले. गाल तापले होते, ऊनही होतंच. "काढून टाक."

त्यानं डोळे मिटले. ते दोन शब्द नीट ऐकून घेतले. मग अगदी हळू, कुणाचीच घाई नसल्यासारखं, म्हणाला,

"ऊटा आतेन?"

"इन्नू इल्ल," मी म्हणाले. अजून नाही. "आई वाट बघत असेल. चल."